पाकिटावरची विजयालक्ष्मी

बायको गेल्यावर अनंतरावांनी घरात तिचा फोटो लावला नाही. त्यांच्या मुलीने, क्षमाने, दोन-तीनदा विषय काढला, चंदनाचा हारसुद्धा आणून कपाटात ठेवला. अनंतराव म्हणायचे, "फोटो कशास? रामस्वामीच्या दुकानी जा. अम्मा तिथे उभी आहे."

आणि ती खरोखरच तिथे उभी असायची. मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात मौळी छापाच्या सांबार पोडीची, म्हणजे सांबारपुडीची, पाकिटं माळेसारखी टांगलेली असत आणि प्रत्येक पाकिटावर विजयालक्ष्मी असे. भाताच्या कोवळ्या रोपासारखी हिरवी साडी, लाल काठ, हातात पितळी पळी आणि ओठ मिटून हसणारा शांत चेहरा.

अनंतराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. घरातली मराठी इतकी जुनी, की पुण्याहून आलेल्या माणसाला बखरीतलं कोणी बोलतंय असं वाटावं, आणि वर तिच्यात तमिळ कालवलेलं. त्यांची सगळी नोकरी एग्मोर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली. शेजारी चंद्रमौळी राहायचा. त्याने परसात धणे-मिरच्या वाळवून घरगुती सांबारपूड विकायला सुरुवात केली, तेव्हा चव बघायला तो भिंतीपलीकडून विजयालक्ष्मीला हाक मारी. ती चिमूटभर पूड जिभेवर ठेवून डोळे मिटायची आणि म्हणायची, "मेथी करपली. पुन्हा कर. अरे, सांबार आमच्या तंजावरच्या राजाच्या मुदपाकखान्यात जन्मलं, तुज काय ठाऊक?" मग स्वतःच खदखदून हसायची.

१९८१ साली छापील पाकीट काढायचं ठरलं. त्यावर एक घरंदाज गृहिणी हवी होती. चंद्रमौळीची बायको लाजून आत पळाली. विजयालक्ष्मी मात्र घरातली पळी घेऊन पाँडी बझारातल्या स्टुडिओत जाऊन उभी राहिली. पहिलं पाकीट घरी आलं त्या दिवशी तिने ते पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "बघा, मज लोक आता डब्यात भरून ठेवतील."

१९९६ साली ती मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. पाकीट मात्र तसंच राहिलं.

सुरुवातीला अनंतरावांना त्या पाकिटाचा आधार वाटला. सकाळी फिरायला निघाले की ते मुद्दाम आर्य गौडा रोडने जात. दुकानांच्या फळ्या निघत, माळा टांगल्या जात आणि विजयालक्ष्मी एकेका दारात प्रकट व्हायची. एखाद्या ओळखीच्या घरी कॉफीला गेलं, तरी स्वयंपाकघराच्या फळीवरून ती बघत असायची. पण हळूहळू हे सुख राहिलं नाही. मेलेलं माणूस एकदा जातं, मग आपण रडतो आणि पुढे दिवस सुरू होतात. ही रोज भेटायची आणि रोज काही न बोलता मागे राहायची. फाटलेलं पाकीट रस्त्यावर पडलेलं दिसलं, तर त्यांना ते ओलांडून जाता येईना. ते वाकून उचलत, धूळ पुसत, घडी घालून खिशात ठेवत. एकदा पावसात भुयारी रस्त्याच्या तोंडाशी गटाराच्या पाण्यावर एक पाकीट उताणं तरंगत होतं. अनंतराव छत्री टाकून गुडघाभर पाण्यात उतरले. मागच्या गर्दीतून कोणी ओरडलं, "पेरियवरे, अहो आजोबा, काय पडलं? अंगठी?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ओलं पाकीट सदऱ्याच्या आत छातीशी धरून घरी आले.

घरी बसल्या बसल्याही ती दिसायची. एग्मोरच्या फलाटावर दुपारचा डबा घेऊन खांबाला टेकून उभी असलेली. तंजावरला वडिलांच्या ओसरीवर शेंगा निवडणारी. शेवटी इस्पितळात कुशीवर वळलेली. प्रत्येक वेळी त्याच हिरव्या साडीत, त्याच लाल काठात. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

२००५ साली एका संध्याकाळी दारात एक तरुण उभा राहिला. उन्मेष त्याचं नाव. मूळचा पुण्याचा, मद्रासला एका जाहिरात कंपनीत कामाला. चंद्रमौळीचा आता शहराबाहेर कारखाना होता आणि त्याने या कंपनीला पाकीट नव्याने बनवायला दिलं होतं. "अनंतरावांना तुमच्याच भाषेत सांगा, मला जमणार नाही," असं म्हणून त्याने उन्मेषला पाठवलं होतं.

उन्मेष पोरगा चांगला होता. आत येताच पाया पडला, कॉफीचा पेला दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ विषयाला हात घालेना.

"बोला. संकोच करूं नका," अनंतराव म्हणाले.

"काका, गेली दोन-तीन वर्षं मौळीचा खप उतरलाय. पूड तीच आहे, पण आता दुकानं बदलली. पूर्वी बाई दुकानदाराला सांगायची, मौळी द्या. आता ती स्वतः फळीसमोर उभी राहते आणि हाताने उचलते. नाव वाचायच्या आधी तिला रंग दिसतो. हिरवा दिसला की मनात येतं कोथिंबीर, पथ्य, आजारी माणसाचं जेवण. लाल दिसला की तोंडाला पाणी सुटतं."

"असें बायांनी सांगितलें?"

"सांगत नाहीत, तिथेच खरी गंमत आहे." उन्मेषला आता जोर चढला. "मैलापूरला एका हॉलमध्ये आम्ही बायका बोलावल्या. दोन वाट्यांत सांबार. एकीपुढे हिरवं पाकीट, एकीपुढे लाल. बहुतेक सगळ्या म्हणाल्या, लाल पाकिटातलं तिखट आहे, चवदार आहे, हिरव्यातलं मिळमिळीत."

"पूड वेगळी होती?"

"एकाच पिंपातली."

"म्हणजे त्या बाया खोटें बोलल्या."

"नाही ना काका! त्यांना खरंच तिखट लागलं. डोळ्यांनी आधी ठरवून टाकलं, जिभेने नुसती मान डोलावली. कोणालाच कळत नाही आपल्याला कोणी हलवलं ते. मलासुद्धा नाही कळत."

मग त्याने पिशवीतून नव्या पाकिटाचा नमुना काढून टीपॉयवर ठेवला. पाकीट मिरचीसारखं लालभडक होतं. पळी धरलेली बाईही लाल साडीत, गोरीपान.

"हें कोण?" अनंतरावांनी विचारलं.

"काकूच आहेत." उन्मेषचा आवाज उतरला. "साडीचा रंग बदललाय आणि चेहरा जरा उजळ केलाय. चंद्रमौळी सर म्हणाले, काकूंना काढायचं नाही. ती अट त्यांनीच घातली."

अनंतरावांनी नमुना हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला, परत आणून ठेवला.

"सरी," एवढंच ते म्हणाले. ठीक आहे. उन्मेषने सुटकेचा श्वास सोडला आणि कॉफीचा दुसरा पेला घेतला.

पोंगलनंतर लाल पाकिटं आली. रामस्वामीच्या दुकानात आणि जिथे तिथे ती अनोळखी बाई पळी घेऊन उभी राहिली. चेहरेपट्टी विजयालक्ष्मीची, पण जणू कोणी परकं तिच्या जागी येऊन उभं राहिलं होतं. अनंतरावांनी जुना माल हुडकायला सुरुवात केली. मागच्या गल्ल्यांतली लहान दुकानं, देवळाजवळची दुकानं, कोडंबाक्कमपर्यंत पायी जाऊन ते हिरवी पाकिटं आणू लागले. स्वयंपाकघरातली फळी भरली, मग जेवणाचं टेबल, मग देवघराशेजारचा कोनाडा.

क्षमा अण्णानगरला सासरी राहायची, दर रविवारी बापाला भेटायला यायची. त्या रविवारी तिने दार उघडलं आणि जुन्या मसाल्याचा उग्र वास अंगावर आला. पाकिटांच्या तळाशी पोरकिडे फिरत होते. आणि चारी भिंतींकडून आई ओठ मिटून बघत होती.

"अप्पा, हे काय चाललंय?"

"संपत आलीं. पुढें मिळायचीं नाहीत." मग त्यांना काहीतरी सुचलं. "क्षमा, अम्माची ती हिरवी साडी काढ गं ट्रंकेतली. फोटोची. ती उशाशी ठेवीन. मग हें अस्कें, सगळें, टाकून दे."

क्षमा त्यांच्याकडे बघत राहिली. "कुठली हिरवी?"

"हीच. लाल काठाची."

"अप्पा, अम्माकडे हिरवी साडी नव्हतीच. एकही नव्हती. हिरव्यात मी आजारी दिसते म्हणायची. मला आजीने परकर-पोलका घेतला हिरवा, तोसुद्धा तिने बदलून आणला होता."

"वेडी का काय तू? फलाटावर डबा घेऊन यायची ती?"

"मी असायची की सोबत. हिरवी नव्हती."

"मग कुठली?"

क्षमाने तोंड उघडलं आणि ती थांबली. "निळी असावी. स्टुडिओत मी पण गेले होते. पदर माझ्या मुठीत होता. निळा होता." पण बोलता बोलताच तिचा आवाज डळमळला.

त्या दिवशी त्यांनी मिळून ट्रंक उपसली. जांभळी निघाली, तपकिरी निघाली, काळ्या चौकड्यांची निघाली. हिरवी एकही नव्हती. अनंतराव रिकाम्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसले. फलाट, ओसरी, इस्पितळ, कुठेही नजर टाकली तरी ती हिरव्यातच उभी होती. ती साडी तिच्या अंगावर कधीच नव्हती, तर मग इतकी वर्षं ते कोणाला आठवत होते?

त्यांनी कुंभकोणमला मेहुणीला फोन लावला. अंबुजाबाई म्हणाल्या, "अरक्कू साडी होती, लाखेसारखी तांबूस. माझीच होती ती. नेसायला मीच दिलेली." मग म्हणाल्या, "का तो माझ्या लेकाच्या बारशाचा फोटो होता की काय कोण जाणे."

पाकिटाचं मूळ चित्र वेंकटरमण नावाच्या माणसाने केलं होतं. तो पूर्वी एका प्रेसमध्ये लेबलांची चित्रं काढायचा, आता मैलापूरला देवळाच्या तळ्यामागे मुलाकडे राहत होता. चंद्रमौळीकडून पत्ता घेऊन अनंतराव तिथे गेले. वेंकटरमणच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पाकीट त्याने अगदी नाकाशी धरून बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "माझंच आहे. फोटोवरून केलं होतं."

"साडी फोटोत कुठल्या रंगाची होती?"

तो हसला. "सर, फोटो काळा-पांढरा होता. साडी राखाडी दिसत होती. मौळीचे मालक म्हणाले, बाजारात सगळी मसाल्याची पाकिटं लाल आहेत, आपलं उठून दिसायला हवं. बाया म्हणतात लाल डबा बाजारचा, हिरवं म्हणजे शेतातून ताजं आलेलं. म्हणून हिरवी केली."

"म्हणजे तेव्हांही..."

"तेव्हाही तेच, सर. आता काय वेगळं असणार?"

अनंतरावांनी तो फोटो आहे का म्हणून विचारलं. नव्हता. प्रेस बंद पडली तेव्हा सगळं रद्दीत गेलं होतं. ते उठायला लागले, तेवढ्यात म्हातारा बोट उंचावून म्हणाला, "ओठ पण मी मिटवले."

"कसले ओठ?"

"बाई फोटोत हसत होत्या. तोंड उघडं, दात दिसत होते. मालकांना हवी होती शांत गृहिणी. असं हसणारी बाई असली की लोक स्वयंपाकावर विश्वास ठेवत नाहीत म्हणाले. मी मिटवले. एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, तो काढायला सोपा नव्हता, म्हणून लक्षात राहिलं."

परतीच्या बसमध्ये अनंतराव खिडकीशी बसून होते. चढलेला दात. वरच्या ओळीत, डावीकडे. लग्न ठरवायला गेले तेव्हा ती तो लपवायला पदर तोंडाशी नेत होती आणि नंतर कधीच नेला नाही. हे त्यांना आठवलं. आठवलं की त्या म्हाताऱ्याने सांगितल्यावर आता नव्याने तयार झालं, हे त्यांना कळेना. घरी येऊन त्यांनी क्षमाला फोन केला. ती म्हणाली, "हो अप्पा. होता ना दात. मलाही आहे तसाच." ते ऐकून ते फोन हातात धरूनच रडले. इतक्या वर्षांत ते पाकिटाला बघत राहिले होते आणि ती कशी हसायची हे विसरून गेले होते.

हिरवी पाकिटं त्यांनी क्षमाला नेऊ दिली. पण झपाटलेपण तेवढ्याने सुटलं नाही, त्याने फक्त वाट बदलली. एकदा क्षमाबरोबर ते मोठ्या दुकानात गेले होते, जिथे टोपली घेऊन स्वतः माल उचलायचा असतो. ती तांदूळ बघत होती. अनंतराव फळीसमोर उभे होते, मनात दुसराच काही विचार होता. टोपलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला म्हणून त्यांनी खाली पाहिलं. लाल मौळी. शेजारी चार कंपन्यांची पिवळी, हिरवी, तपकिरी पाकिटं होती. त्यातून नेमकं हे त्यांच्याच हाताने उचललं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. ते त्या हाताकडे असे बघू लागले, जणू तो दुसऱ्या कोणाच्या खांद्याला लावलेला होता.

त्या रात्रीच्या सांबाराला त्यांना तिखट चव लागली. चांगली लागली. पूड तीच आहे हे ठाऊक असून लागली.

आणि पुढच्या काही दिवसांत फलाटावरची बाई लाल होत गेली. दुपारी डोळा लागला की ती खांबाला टेकून उभी असे, डबा हातात, साडी लाल. अनंतराव झोपेतच म्हणत, ही तुझी नव्हे. ती ओठ मिटून बघत राही. कधी कधी ते तिला हस म्हणून विनवत. डोळे उघडले की गालावर ओल असायची.

दोन वर्षांनी चंद्रमौळीने धंदा विकून टाकला. ज्यांनी घेतला त्यांनी बाई काढून टाकली. आता पाकिटावर नुसती वाफाळती वाटी होती. चंद्रमौळी स्वतः सांगायला आला. आता तोही थकला होता. "अनंता, मी फार धरून ठेवली होती रे तिला," तो म्हणाला. "मला चव सांगणारी तीच. पण त्या पाकिटावर ती नव्हतीच, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुला कसं सांगणार?"

त्याच वर्षी क्षमाच्या मुलाची, अनिकेतची, मुंज ठरली. या घराण्यात मंगलकार्याआधी सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवायला घालायची आणि नवी साडी ठेवायची पद्धत. साडी घ्यायला बाप-लेक त्यागराय नगरातल्या एका मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याने गादीवर घड्या सोडायला सुरुवात केली. हिरवी, निळी, लाखी, लाल. "कुठली दाखवू, सर? आईंना कुठला रंग आवडायचा?"

अनंतरावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एक हात दुसऱ्याने धरून.

"तूच घे, क्षमा."

"तुम्ही सांगा ना. तुम्हाला आठवते तशी घेऊ."

"मज नको विचारूं. माझ्या आठवणीवर भलत्याच लोकांनी रंग चढवून ठेवला आहे. माझा हात पुढें आला, तर तो कोणाचा हें मज कळायचें नाही."

क्षमाने फार वेळ लावला नाही. एक हळदी रंगाची साडी उचलली, बारीक तांबडा काठ असलेली. कोणीच तो रंग सांगितला नव्हता, ना तिने, ना अंबुजाबाईंनी, ना कुठल्या पाकिटाने. अनंतरावांनी पदरावर बोट फिरवलं आणि त्यांना जरा बरं वाटलं.

सवाष्णीच्या दिवशी साडी पाटावर ठेवली, फुलं वाहिली, मग क्षमानेच ती नेसली. ती वाढायला बाहेर आली, कोणाच्या तरी बोलण्यावर तोंड उघडून हसली आणि वरच्या ओळीत डावीकडचा दात दिसला. अनंतराव घास हातात धरून तसेच बसले. पुढे कितीतरी दिवस फलाटावरची बाई हळदी साडीत दिसत राहिली आणि हसत होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.

एकदाच, मुंजीनंतर महिनाभराने, जेवताना त्यांनी क्षमाला विचारलं, "तू हळदीच कां उचललीस गं? अम्माची आठवण झाली होती?"

क्षमाने खरं ते सांगितलं. "नाही अप्पा. दुकानात शिरल्या शिरल्या दिव्याखाली तीच टांगलेली होती ना. तीच पहिली डोळ्यांत भरली."

अनंतरावांनी मान डोलावली. मग भात कालवायला घेतला.